वरातीचा हंस

"चोच जरा वर घ्या अण्णा," मी म्हटलं. "असा मान घालून निघाला तर लोक म्हणतील, नवरीच्या बापानं हंसालासुद्धा जेवायला घातलं नाही."

"नवरीनं आपलं तोंड जरा बंद ठेवलं तर हंसाचं तोंड लवकर हुईल," अण्णा म्हणाले आणि पुन्हा कानस चालवू लागले.

चैत्र संपत आला होता. अंगण सकाळीच तापलं होतं. लिंबाखाली आमची गाडी उभी होती आणि तिच्या पुढच्या अंगाला पांढरा हंस छाती काढून बसला होता. मी पंखांच्या फटींत पुट्टी भरत होते. ब्रश, डबे, पॉलिश पेपरचे तुकडे यांतून वाट काढत आई एकदा आत, एकदा बाहेर करत होती आणि दर खेपेला म्हणत होती की हळदीला चार दिवस राहिलेली पोरगी अशी उन्हात कुणी बसवत नाही. तिचं ऐकायला आम्हा दोघांनाही सवड नव्हती.

माझे वडील, ज्ञानू कुंभार, पावसाळ्यात गणपती करायचे आणि लग्नसराईत वरातीची गाडी चालवायचे. गाडी म्हणजे लिलावातली एक जुनाट जीप. तिचा टप काढून मागं लाकडी चौथरा, त्यावर लाल गादीचं सिंहासन, कडेनं पितळी कठडा आणि दिव्यांच्या माळा, हा सगळा थाट त्यांनी घरच्या घरी उभा केला होता. पुढं बॉनेटवर प्लास्टरचे दोन घोडे होते. आसपासच्या गावांतल्या किती पोरी त्या घोड्यांमागं बसून सासरी गेल्या. पण घोडे आता थकले होते. एकाचा कान गेला होता, दुसऱ्याचं नाक कुणाच्या तरी वरातीतल्या फटाक्यानं उडालं होतं, आणि अण्णा दर वर्षी शाडूनं बुजवून वरून रंग मारत होते. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी गाडीचं तोंडच बदलायला काढलं.

हंस हवा ही नवऱ्याकडच्यांची हौस. मुलाच्या मामांनी सांगलीत एका वरातीत हंसाची गाडी बघितली होती, आणि बोलणी चालू असताना त्यांनी तो विषय हसत हसत काढला. अण्णाही हसत हसत हो म्हणाले. नाही म्हणायची आमची ऐपत नव्हती. लहानपणच्या तापात माझा डावा पाय बारीक झाला, तेव्हापासून मी लंगडते. बरीच स्थळं चहा पिऊन गेली होती. हे पहिलंच स्थळ चहा पिऊन पुन्हा आलं होतं.

अण्णांनी घोडे उतरवले, बॉनेट, जाळी, मडगार्ड सगळं सोडवलं. उसन्या मशिनवर पाइप वेल्डिंग करून सांगाडा केला. त्यावर मातीचा हंस घडवला, त्याचा साचा काढला आणि मग साच्यात फायबर बसवायला घेतलं. मातीत त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, पण फायबर त्यांना नवीन होतं. उन्हाळ्यात ते घट्ट करणारं हार्डनर हात राखून घालायचं असतं हे पहिला पंख वाया गेल्यावर कळलं. कालवलेलं रसायन डब्यातच दगड झालं. "माती चुकली तर भिजवून परत घिता येती," अण्णा वैतागून म्हणाले. "ह्येला चूक सुधारून घ्यायाची सोयच न्हाई." तरी त्यांनी तो केला. रेडिएटरला वारा लागावा म्हणून छातीखाली जाळीसुद्धा अशी बेमालूम सोडली की ती पिसांसारखीच दिसावी.

आता डोळे तेवढे राहिले होते. आमच्या धंद्यात डोळे सगळ्यात शेवटी. डोळे आखले नाहीत तोवर गणपती हा गणपती नसतो, नुसती माती असते. त्याला पाय लागला तर कुणी नमस्कार करत नाही, हातातून निसटून फुटला तर कुणी वाईट वाटून घेत नाही. एकदा आखणी झाली की मात्र त्याच्यासमोर मोठ्यानं बोलायचीही आई बंदी करायची. अण्णांचा हात कापायला लागल्यापासून आखणी माझ्याकडं आली होती. हंसाचे डोळे मी हळदीच्या दिवशी आखायचे, असं ठरलं होतं.

त्या सकाळी मुलाचे मामा स्कूटरवरून आले ते हंस बघायलाच. वसंतराव त्यांचं नाव. सांगलीत त्यांचं भांड्याचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, बोलायला तर गोडच होता. आईनं त्यांना लिंबाखाली बाज टाकून दिली. ते चहा पीत पीत हंसाला सगळीकडून न्याहाळत होते.

"झकास," ते म्हणाले. "सांगलीतला याच्यापुढं बदक वाटेल."

अण्णांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. या हंसामागं मी बसणार होते, आणि एकदा वर बसले की चालायचं नव्हतं. सगळ्या गावानं मला बसलेलीच बघायचं होतं.

तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. बनियन, उघडं डोकं, वाढलेली दाढी. मी ओळखलंच नाही. सिदराम वायदंडे मास्तरांना मी गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या लाल कोटाशिवाय कधी बघितलं नव्हतं. गावातला बँड त्यांचा. वरात म्हटली की पुढं मास्तरांचं क्लॅरिओनेट आणि मागं अण्णांची गाडी, ही जोडी वर्षानुवर्षांची होती.

"या मास्तर," अण्णा म्हणाले. "आत या की. बगा तरी, आपल्या घोड्यांचा हंस झाला."

मास्तर आत आले नाहीत. फाटकाचा बांबू धरून तिथंच उभे राहिले.

"ज्ञानबा, गाडी पायजे हुती."

"कवा?"

"आत्ता."

"आत्ता? आज तर तिथी न्हाई. कुणाची वरात हाय?"

मास्तर म्हणाले, "नंदा गेली."

अण्णांनी कानस खाली ठेवली.

नंदा मास्तरांची एकुलती मुलगी. शाळेत ती माझ्या शेजारी बसायची. मला कुणी लंगडी म्हटलं की ती त्याच्या पाटीवर थुंकायची आणि वर गुरुजींना सांगायची की थुंकी पाटी पुसायला दिली. आदल्या वर्षी तिनं ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या हणमंताशी सांगलीला जाऊन लग्न केलं होतं, घरी न सांगता. हणमंता दूध घालायला गावात यायचा. मुलगा त्यांच्या जातीतला नव्हता, पण मास्तरांना ते तितकं लागलं नसावं. लागलं ते दुसरंच. उभ्या गावाच्या वराती वाजवणाऱ्या माणसाची पोरगी एसटीत बसून गेली. त्यानंतर एकही वरात अशी गेली नाही की कुणी विचारलं नाही, "मास्तर, पोरीच्या वरातीला बँड कुणाचा हुता?" मास्तर उत्तर देत नसत, क्लॅरिओनेट तोंडाला लावत. वाडी ओढा ओलांडला की होती, पण वर्षभरात त्यांनी तो ओढा ओलांडला नव्हता.

"पहाटं गेली," ते सांगत होते. "कावीळ झाल्ती म्हणं. मला आत्ता निरोप आला. ती लोकं साडीसाठी थांबल्यात."

साडी म्हणजे माहेरची साडी. आमच्याकडं सवाष्ण बाई गेली की माहेरची साडी आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. शेवटचं नेसणं माहेरचं. कितीही वैर असलं तरी तेवढी साडी जातेच.

"साडी घेतलीय," मास्तर म्हणाले. काखेतली कागदाची पुडी त्यांनी थोडी पुढं केली, जशी काही आम्हाला ती तपासून घ्यायची होती. "हिरवी. पर नुस्ती साडी घीऊन जायाला पाय उचलंना. पोरीला वाजत-गाजत धाडायचं माझ्या हातनं ऱ्हायलं, ज्ञानबा. आता ही एकच वेळ उरलीय."

मामांनी कप हळूच खाली ठेवला.

मास्तर काय मागत होते ते लहान पोरालाही कळलं असतं. ज्या गाडीतून मयत गेलं त्या गाडीत पुन्हा कुठलीही आई आपली नवरी बसवणार नाही. ती गाडी वरातीतून उठली म्हणायची. आणि हे तोंड तर माझ्यासाठी केलेलं, अजून कुणी मागं बसलेलं नव्हतं. नंदाला दिलं तर माझं गेलं. माझं नुसतं वरातीचं गेलं असतं तरी चाललं असतं. पण मामा समोर बाजेवर बसले होते.

"घोडं असतं तर इचारायच्या आदी काढून दिलं असतं," अण्णा म्हणाले. "पर ह्ये शालनसाठी केलंय मास्तर."

"म्हाईत हाय. म्हणून तर आत याचं धाडस हुईना."

मामा उठून उभे राहिले. "मास्तर, तुमच्यावर आभाळ कोसळलंय, मला कळतं," ते म्हणाले. "पण ही शुभकार्याची गाडी. आमच्या घरात म्हातारी माणसं आहेत, त्यांना काय सांगायचं? माझ्या ओळखीचा टेम्पो आहे, मी आत्ता जाऊन घेऊन येतो. फुलांनी सजवून देऊ."

"बरोबर हाय तुमचं," मास्तर म्हणाले. पण फाटक काही त्यांनी सोडलं नाही.

अण्णा हंसाकडं बघत होते. अडलेला माणूस जसा खिसे चाचपतो तसे त्यांचे डोळे हंसावरून फिरत होते, चोचीवरून मानेवर, मानेवरून पंखांवर. मग ते डोळ्यांच्या कोऱ्या जागेवर थांबले.

"डोळं कुठं आखल्यात अजून?" ते म्हणाले.

"म्हणजे?" मामांनी विचारलं.

"पावणं, आमच्यात डोळं आखल्याबिगर काय खरं नसतंय. गणपतीचंबी नसतंय. आज ह्यो हंस न्हवंच, नुस्तं फायबर हाय. नंदाला घीऊन जातो. मागारी आणून धुतो, वरनं रंगाचा एक हात देतो. मग हळदीदिवशी शालन डोळं काढंल. तवा तो हंस हुईल. मयताला गेली ती गाडी येगळी, वरातीला गेली ती येगळी."

मामांनी हनुवटी खाजवली. व्यापारी माणूस, त्यांना दोन्ही बाजू नीट बसलेल्या दिसल्या. "हे मला पटतं," ते म्हणाले. "मूर्तीच्या बाबतीत आहेच तसं. आमच्या आईलाही पटेल. डोळ्यांशिवाय न्या मग. काही हरकत नाही."

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि देवाचं नाव घेतलं. खरंच, त्याहून चांगली तोड निघणार नव्हती. मास्तरांचं काम होत होतं, माझं लग्न राहत होतं, कुणाचं मन मोडत नव्हतं. मीसुद्धा सुटकेचा श्वास टाकला.

मास्तर तेव्हा पहिल्यांदा फाटकातून आत आले. हंसासमोर उभे राहिले. पुट्टीच्या भुकटीनं मळलेल्या त्या पांढऱ्या तोंडाकडं त्यांनी पाहिलं. तिथं डोळ्यांच्या जागी दोन गुळगुळीत उंचवटे होते.

"डोळ्याबिगर," ते म्हणाले. विचारलं नाही, तक्रार केली नाही. मग मान हलवली. "चालंल. पोरास्नी बोलवून घितो."

चालंल.

तो शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा होता. मला बघायला आले त्या दिवशी मामांनी मला घरात दोन फेऱ्या मारायला लावल्या होत्या. मी मारल्या. मग त्यांनी बाकीच्यांकडं बघत म्हटलं होतं, "चालेल." लगेच कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळेच हसले. मामांच्या मनात तसं काही नव्हतं, शब्दच तसा निघाला. अण्णा हसले, मीही हसले. लग्न जमलं होतं. पण रात्रभर मी तो शब्द चघळत होते. पोरगी जराशी अधू आहे, पण चालेल. आता मास्तर आपल्या मेलेल्या मुलीसाठी तोच शब्द वापरत होते. वर्षभर लोकांनी हसून घेतलं, आणि शेवटी जे मिळालं ते आंधळं मिळालं, तरी ते म्हणत होते चालंल. मला राग आला. कुणाचा ते आजही नीट सांगता येणार नाही. मामांचा असेल, अण्णांच्या हुशारीचा असेल. सगळ्यात जास्त माझ्या त्या सुटकेच्या श्वासाचा आला.

मी पुट्टीचे हात लुगड्याला पुसले, ओट्यावर गेले आणि काळ्या रंगाचा डबा उघडला. आखणीचा बारीक ब्रश तेलात बुडवून ठेवलेला होता, तो निपटून घेतला.

"काय कराय लागलीस?" अण्णांनी विचारलं.

"डोळे आखते."

"आज न्हवं. हळदीदिवशी."

"आज."

मी स्टूल ओढून हंसासमोर बसले. मामा जवळ आले. "पोरी, नीट ऐकलंस ना तू?" ते समजुतीनं म्हणाले. "डोळे काढलेस तर मग ही गाडी आपल्याला नाही चालणार."

"माझ्या ध्यानात आहे मामा. ही नंदाच्या वरातीची गाडी आहे."

"आणि तुझी?"

"माझं मी बघते."

आई मला हाक मारत होती, रडवेल्या आवाजात, आणि मी तिच्याकडं मुद्दाम बघितलं नाही. बघितलं असतं तर हात कापला असता. आखणीला हात कापून चालत नाही. वरची रेघ एका दमात ओढायची असते, मध्ये श्वास सोडायचा नाही. मी पहिली रेघ ओढली. हंसाचा डोळा बारीक असतो, गणपतीसारखा लांब नसतो, पण मी तो लांब काढला. नंदाचे डोळे तसे होते. दुसरा काढताना मला दिसेनासं झालं, तेव्हा अण्णांनी मागून येऊन माझा खांदा धरला. मला वाटलं ते ब्रश काढून घेणार. ते म्हणाले, "बाहुली जरा वर घे. खाली बघाय नगो."

मी बाहुली वर घेतली.

मामांनी स्कूटरला किक मारली तेव्हा ते रागावलेले नव्हते, उलट जरा खजील दिसत होते. "घरी बोलून कळवतो," ते म्हणाले.

त्यांचं कळवणं कधी आलं नाही. हे इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं त्याची वाट बघायला नको. हळदीचा मांडव आम्ही उतरवला. आई माझ्याशी पुष्कळ दिवस धड बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पुढं माझं लग्न झालं ते एका कंपाउंडरशी, देवळात, अगदी साधं. आणि संसार बरा झाला. हंसाला त्यानंतर कुणी बोलावलं नाही. अण्णांनी वाट पाहिली, मग एके दिवशी करवतीनं त्याची मान उतरवून परसात ठेवली. तिच्यात आमच्या कोंबड्या अंडी घालायच्या. जीप माती आणायच्या कामाला लागली. मास्तरांनीही बँड मोडला, वाद्यं पोरांत वाटून टाकली. म्हणजे बघायला गेलं तर त्या दिवसानं कुणाचंच भलं केलं नाही.

पण त्या दिवशी आम्ही निघालो ते वाजवतच.

मास्तर घरी जाऊन दाढी करून आले, लाल कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून. बँडची पोरंही कपडे करून आली होती. अण्णांनी सिंहासन उतरवलं आणि चौथऱ्यावर आईनं घरातली नवी सतरंजी अंथरली. माझ्याच रुखवतातली. रागातही तिनं ती काढून दिली. मी अण्णांच्या शेजारी बसले.

"काय वाजवायचं मास्तर?" ढोलवाल्या पोरानं दबकत विचारलं.

"वरातीचंच," मास्तर म्हणाले. "आपुन न्यायाला निघालोय. मागारी येताना गप यिऊ."

आणि भर उन्हात, बिनतिथीच्या दिवशी, गावातून वरात निघाली. पुढं मास्तर क्लॅरिओनेट वाजवत होते. इतकं स्वच्छ वाजवताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. लोक दारांत आले. बायकांनी पोरं कडेवर घेतली, दुकानदार पायऱ्यांवर उभे राहिले. मोकळा चौथरा बघून त्यांना काही उमगेना. चावडीपाशी एकानं अण्णांना ओरडून विचारलं, "कुणाची वरात वो?"

मास्तरांनी क्लॅरिओनेट तोंडातून काढलं.

"नंदाची," ते म्हणाले, आणि पुन्हा वाजवू लागले.

हा हा म्हणता ते सगळ्या गावाला कळलं. मास्तरांना वर्षभर हसलेले लोक चपला काढून बाजूला झाले. काही जण मागून चालू लागले. त्या दिवशी मास्तरांना कुणी काही विचारलं नाही.

ओढ्यात पाणी नव्हतं. गाडी खडखडत खाली उतरली आणि वर चढली. वाडीत हणमंताचं घर शेवटचं होतं, पुढं गोठा आणि मागं उसाचा फड. दारात माणसं बसली होती. बँडचा आवाज ऐकून ती आधीच उभी राहिली होती, आणि त्यांच्या तोंडावरून दिसत होतं की त्यांना हे काय चाललंय ते कळत नाही. हणमंता भिंतीला टेकून बसला होता, तो उठलाही नाही. मास्तरांनी हात वर केला, तसा बँड थांबला. एकदम इतकं शांत झालं की गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ ऐकू यायला लागलं.

मास्तर साडीची पुडी छातीशी धरून दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. आतून हणमंताची आई आली. तानूबाई. वाळकीशी बाई, रडून रडून डोळे सुजलेले. तिनं लाल कोटातला माणूस बघितला, त्याच्यामागचा बँड बघितला, गाडी बघितली आणि गाडीचा डोळे मोठे केलेला पांढरा हंस बघितला. मग ती काही न बोलता परत आत गेली. लोक एकमेकांकडं बघू लागले. मास्तरांची मान खाली गेली. दार लावून घेतलं तर काय करायचं, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

"म्हातारीचं काय चाललंय?" मागून कुणीतरी कुजबुजलं. "मयताच्या दारात ओवाळत्यात व्हय?"

तानूबाईनं ते ऐकलं असेल, पण ऐकल्याचं दाखवलं नाही. तिनं मास्तरांवरून भाकरीचा तुकडा ओवाळला आणि दोन्हीकडं टाकला. मग वाकून त्यांच्या पायांवर पाणी घातलं.

"व्याही पयल्यांदा दारात आल्यात," ती म्हणाली. "रीत ऱ्हाऊ नये."

मास्तरांनी पुडी पुढं धरली. "साडी आणलीय, विहीणबाई," ते म्हणाले. "मी तिला न्यायाला आलोय."

"म्हाईत हाय. पर आदी आत या. लेकीला दारातनं कुणी न्हेत न्हाई." तिनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि पुन्हा सोडलं. "लई वाट बघितली वो तिनं. पंचमीला म्हायेरचा मुराळी न्यायाला येईल म्हणून चार दिस आदी पिशवी भरून ठेवली. दिवाळीला परत भरली. मी म्हणायची, अगं, मीच तुझ्या आबाकडं जाऊन पाय धरती. तर म्हणायची, नगो. आबा आपसूक येतील, आनि येतील तवा वाजवत येतील."

मास्तर ऐकत होते.

मग तानूबाई वळली आणि आत बघून हाक मारली, स्वयंपाकघरात काम करणाऱ्या सुनेला मारावी तशी, आवाज न चढवता.

"नंदा, आबा आल्यात गं न्यायाला."

आत कुणीतरी हुंदका दिला. मास्तरांनी क्लॅरिओनेट शेजारच्या पोराच्या हातात दिलं. दार ठेंगणं होतं. ते वाकले आणि आत गेले. आम्ही सगळे, वाडीतले, गावातले, बँडवाले, उन्हात उभे राहिलो. उशीर होत होता, सरण रचून झालं होतं, पण मास्तरांना बाहेर बोलवायला कुणीही गेलं नाही.